वन्सं, मी आणि सात म्हातारी मशिनं

४ फेब्रुवारी

परीक्षा मंडळाचं पत्र आलं. टायपिंगची परीक्षा यापुढे फक्त कॉम्प्युटरवर. दहा मार्चला तपासनीस येणार, वर्गात निदान पाच कॉम्प्युटर चालू हवेत आणि त्यांच्यावर मंडळाचा परीक्षेचा प्रोग्राम उघडायला हवा. नाहीतर मान्यता रद्द. वाचून तोंडचं पाणीच पळालं.

कॉम्प्युटर माझ्याकडे आहेत, सात. हे होते तेव्हा एका बंद पडलेल्या ऑफिसातून उचलून आणलेले. तेव्हाच ते जुने होते, आता तर काय, बोलायची सोय नाही. दोन चालू होतात. पण चालू होईपर्यंत मुली एकमेकींच्या वेण्या घालून घेतात, आणि झाल्यावरही परीक्षेचा प्रोग्राम त्यांच्या घशाखाली उतरत नाही. बाकीचे पाच म्हणजे कापड घातलेली खोकी.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने एकाचं झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि शिंकला. म्हणाला, "काकू, भंगारात द्या. वजनाला बरी आहेत." झाकण परत न लावता गेला.

दुपारी भाऊजींचा फोन. यांचे धाकटे भाऊ. त्यांना पत्राचं कसं कळलं देव जाणे. "वहिनी, किती दिवस ओढणार? औषधांच्या दुकानवाल्याला समोरची खोली गोदामाला हवीच आहे." घर आमच्या तिघांच्या नावावर आहे, मी, भाऊजी आणि वन्सं. वर्ग चालू आहे तोवर समोरची खोली माझी, असं हे असतानाच ठरलंय. वर्ग बंद पडला की भाऊजी आणि वन्संनी हो म्हणायचं, की मी मागच्या दोन खोल्यांत. एकतीस वर्षं ज्या खोलीत मला सगळे 'बाई' म्हणतात तिथे खोकल्याच्या बाटल्या.

वन्संना पत्र दाखवलं. वाचलं, घडी घातली, परत दिलं.

७ फेब्रुवारी

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे. वर्गात सगळ्यात जाड चष्मा तिचा, म्हणून चष्मेवाली. आता मोठ्या कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिला फोन केला, खरं म्हणजे रडगाणं गायला. तर ती हसायला लागली. म्हणाली, "बाई, मशिनं मेलेली नाहीत. त्यांच्यावर जड सिस्टीम बसवलीय. लिनक्स टाका. हलकी सिस्टीम आहे ती, युनिक्सच्या जातीची, फुकट आहे, आणि मंडळाचा प्रोग्राम त्याच्यावर चालतो, मी बघितलंय."

म्हटलं, टाका म्हणजे कोणी टाकायचं?

"तुम्ही," म्हणाली. "मी डिस्क पाठवते, आणि एका कागदावर पायऱ्या लिहून देते."

मी टायपिंग शिकवते. कॉम्प्युटरचं मला इतकंच माहीत की बटण दाबायचं आणि वाट बघायची. पण बुडत्याला काडीचा आधार. हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर, खरं सांगायचं तर, गुदगुल्या झाल्या. एकसष्टाव्या वर्षी कोणी आपल्याला 'तुम्ही करा' म्हणत नाही. 'तुम्ही बसा' म्हणतात.

११ फेब्रुवारी

डिस्क आली. आणि पहिलाच फटका असा की सात मशिनांत डिस्क वाचणारा खण एकाचाच चालतो. बाकीचे उघडतात, डिस्क गिळतात आणि गप्प.

चष्मेवाली म्हणाली, चालतोय तो खण काढायचा, एकेका मशिनाला जोडायचा, काम झालं की पुढच्याला. म्हणजे सुईण एक आणि बाळंतिणी सात. चार स्क्रू आणि दोन वायरी, एवढंच. स्क्रू काढायला मी स्वयंपाकघरातून सुरी आणली, तर मागून वन्सं म्हणाल्या, "ती भाजीची आहे." आणि शिवणाच्या डब्यातून बारीक पेचकस आणून दिला. मग तिथेच उभ्या राहिल्या. जा म्हणावं तर जात नाहीत, बसा म्हणावं तर बसत नाहीत.

वन्संचं सांगते. यांची बहीण, यांच्याहून लहान, भाऊजींहून मोठी. लग्न केलं नाही. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, तारा जोडायच्या आणि 'बोला' म्हणायचं. तिथे इतकं बोलल्या की निवृत्तीनंतर बोलायचंच सोडलं. सहा महिने माझ्याकडे, सहा महिने भाऊजींकडे, अशी पाळी आहे. फेब्रुवारीअखेर माझी पाळी संपते. मी वाईट नाही, पण दिवस मोजते.

१२ फेब्रुवारी

एक नंबरच्या मशिनात डिस्क घातली. काळा पडदा, पांढरी अक्षरं, धडाधडा वर पळणारी. मला भीती वाटायला हवी होती. मला मजा वाटली.

मग एके ठिकाणी थांबलं. 'मशिनातलं आधीचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं का?'

वन्संनी विचारलं, "सगळं म्हणजे?"

एक नंबरवर हे बसायचे. मुलींच्या सरावाचे उतारे यांनी स्वतः रचून त्यात घातलेले आहेत, 'प्रिय महोदय, आपल्या घड्याळाची काच आम्हास फुटलेली मिळाली' असले. छापील प्रती कपाटात आहेत, म्हणजे काही जाणार नाही. तरी बोट पुढे होईना. हो दाबायचं एक अक्षर, तेवढं दाबता येईना, आणि मी म्हणे वेगाची परीक्षा घेते.

दाबलं. मान वर केली तर वन्सं नव्हत्या. स्वयंपाकघरात नळ चालू होता. बराच वेळ चालू होता. पाणी काय फुकट येतं?

१३ फेब्रुवारी

अडकलं. चित्रबित्र येऊन अर्ध्यावर गोठलं. पुन्हा केलं, पुन्हा गोठलं. चष्मेवालीला फोन. "बाई, मेमरी कमी पडतेय. तुम्ही नटवलेलं लिनक्स टाकताय. डिस्कवर दुसरं एक आहे, साधं, ते टाका." म्हटलं, आधी सांगायचंस ना मुली, मी म्हाताऱ्या बाईला शालू नेसवत बसले, तिला उभं राहवत नाहीये.

१६ फेब्रुवारी

जमलं. जमलं, जमलं, जमलं. शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, पण नाही जमत, हात उडतोय.

साधं लिनक्स एक नंबरवर बसलं. शेवटी त्याने माझं नाव विचारलं, मी माझं नाव घातलं. पासवर्ड विचारला. चष्मेवाली म्हणाली होती की लक्षात राहील असा ठेवा. मी ठेवला asdf;lkj. टायपिंगचा पहिला धडा, डावा हात, उजवा हात. जगातल्या प्रत्येक टायपिस्टच्या बोटांना पाठ. आणि काय गंमत, पासवर्ड मारताना पडद्यावर काही उमटतच नाही. न बघता टाइप करा असं मी एकतीस वर्षं घसा फोडून सांगतेय, ते हे मशीन आपणहून सांगतं.

मग काळ्या पडद्यावर एक छोटी रेघ लुकलुकायला लागली. माउस नाही, चित्रं नाहीत. लिहायचं, आणि ते ऐकतं. एक स्पेस चुकली की ऐकत नाही. मोठ्या अक्षराच्या जागी छोटं घातलं की ओळख दाखवत नाही. अरे, हे तर माझ्याच जातीचं निघालं. आजवर कॉम्प्युटरसमोर मी अडाण्यासारखी बसायचे. आज दहाही बोटं चालली आणि मशीन माझ्या मागे धावलं.

सगळ्यात आवडली ती एक गोष्ट. काम झालं की ते काही बोलत नाही. चुकलं तरच बोलतं. मी दोनदा विचारलं चष्मेवालीला, काहीच आलं नाही गं पडद्यावर. ती म्हणाली, "गप्प आहे म्हणजे झालंय, बाई." आमच्या घरात उलटं आहे. वन्सं गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंय.

मंडळाचा प्रोग्राम टाकला. उघडला. मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या आणि परत बसले.

२० फेब्रुवारी

आता बाकीचे सहा. पण त्यांची अंगं आधी बरी करायची, मग जीव घालायचा. आतल्या छोट्या बॅटऱ्या मेल्यात, त्यामुळे चालू केलं की प्रत्येक मशीन वेगळंच वर्ष सांगतं. चार नंबरच्या मते मी अजून चाळिशीची आहे, त्याला म्हटलं, तू राहा तसाच. बॅटऱ्या घड्याळवाल्याकडे मिळाल्या. कीबोर्ड धुतले, उन्हात वाळत घातले. शेजारीण कुंपणावरून बघत होती.

पाच नंबर चालू केलं की नुसतं टूं, टूं, टूं. वन्सं चहा घेऊन आल्या, कान दिला आणि ठामपणे म्हणाल्या, "एंगेज आहे. थोड्या वेळाने लावा."

मी हसू दाबलं. चष्मेवालीला विचारलं, तर मेमरीची पट्टी सैल झालीय म्हणाली. काढली, खोडरबराने घासली, बसवली, चालू झालं. वन्संना सांगितलं. म्हणाल्या, "थोडा वेळ गेलाच ना मध्ये?"

पण लक्षात येतंय की वन्सं आता रोज येतात. येतात, उभ्या राहतात, पेचकस हातात धरतात. तीन नंबरची वायर मी उलटी लावत होते ते त्यांनीच पकडलं. जन्मभर तारा जोडल्या, हात विसरत नाही. कालपासून मी त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवलीय. बसल्या.

२४ फेब्रुवारी

भाऊजी आले, औषधांच्या दुकानवाल्याला घेऊन. दुकानवाला भला माणूस दिसला, पण टेप काढून भिंत मोजायला लागला तेव्हा माझं डोकं तडकलं. मुली परीक्षेची तयारी करतायत आणि हा त्यांच्या खुर्च्यांमागून टेप सरकवतोय. म्हटलं, "भाऊजी, अजून दोन आठवडे आहेत."

"वहिनी, या भंगारात जीव घालून काय होणार आहे?" म्हणाले. आणि मग वन्संकडे बघून, "ताई, तू तरी समजव त्यांना. तुला पटलंय ना?"

वन्संनी चहाचे कप गोळा केले. पटलं म्हणाल्या नाहीत, नाही पटलं म्हणाल्या नाहीत. मग पायात चपला घालून भाऊजींबरोबर निघाल्या. कोपऱ्यापर्यंत सोडून येते म्हणाल्या. कोपरा खिडकीतून दिसतो. तिथे दोघं किती वेळ उभे होते, आणि बोलत कोण होतं तर वन्सं. माझ्यासमोर तोंडात मिठाची गुळणी, आणि तिथे हात हलवून हलवून बोलणं चाललेलं.

भाऊ-बहिणीचं काय शिजतंय ते न कळायला मी काही दुधखुळी नाही. ताकास तूर लागू देत नाहीत, पण भाड्याची वाटणी ठरत असणार.

१ मार्च

पाळी संपली. वन्सं गेल्या नाहीत. मी सकाळी सहज म्हटलं, भाऊजी वाट बघत असतील. तर म्हणाल्या, "दोन नंबरचा पंखा घासतोय, त्यात तेल घालायचंय." तेल घातलं. मग तीन नंबरचा घासतोय म्हणाल्या. तो घासत नव्हता.

खोली रिकामी कधी होते यावर डोळा ठेवायला थांबल्या असतील. असं लिहायला बरं वाटत नाही, पण डायरीत नाही लिहायचं तर कुठे?

पंख्यातलं तेल मात्र व्यवस्थित घातलं, एक थेंब इकडे तिकडे नाही.

३ मार्च

आज पुन्हा भाऊजींकडे जाऊन आल्या. आल्या त्या डोळे लाल. विचारलं, तर धूळ गेली म्हणाल्या. मी सरळच बोलले, "वन्सं, तुमच्या मनात जे आहे ते तोंडावर सांगा. मला मागून कळलेलं आवडत नाही."

त्या म्हणाल्या, "तुमचं आधी होऊ दे." आणि खोलीत गेल्या.

तुमचं आधी होऊ दे म्हणजे काय? माझे बारा वाजू देत, मग सांगते?

५ मार्च

सहाही मशिनांची अंगं बरी झाली. सहाही उठतात, दिवे लावतात, पंखे फिरवतात. उद्यापासून एकेकाला लिनक्स. मी कागदाची दुसरी प्रत स्वच्छ टाइप करून काढली, पायरी एक ते अखेर. मुलींनी विचारलं, "बाई, इतक्या खूश का?" म्हटलं, मुकाट्याने उतारा मारा. पण मीच गुणगुणत होते म्हणे.

६ मार्च

ताप. ऐन वेळी. कणकण सकाळपासूनच होती, मी तशीच दोन नंबरसमोर बसले आणि अक्षरं नाचायला लागली. वन्संनी दंडाला धरून उठवलं. म्हटलं, मशिनं कोण करणार? त्या म्हणाल्या, "कागद आहे ना."

मी म्हटलं, पासवर्ड तोच ठेवा, पहिला धडा. बाकी जे विचारेल त्याला कागदात बघून उत्तर द्या. त्यांनी मान डोलावली. कागद घडी न घालता हातात धरला.

८ मार्च

आज उठून बसले. हात हलका, अक्षर वाकडं येतंय.

दोन दिवस अंथरुणातून नुसते आवाज ऐकले. खण उघडला, खण मिटला, स्क्रू. मधूनच वन्संचा एक्स्चेंजमधला आवाज, "बोला." मशिनाला म्हणत होत्या. मला तापातही हसू आलं. काल संध्याकाळी दारात येऊन उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचलेला, गालाला काळं. म्हणाल्या, "झाली. सहाही. परीक्षेचा प्रोग्रामही उघडून बघितला."

मला इतका आनंद झाला, आणि तोंडातून निघालं काय, तर "खण परत एक नंबरला लावलात का?" लावला होता.

उद्या सगळी सावकाश तपासून घेईन. परवा तपासनीस.

९ मार्च

हे सगळं आजच लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी वन्सं लवकर आवरून बाहेर पडल्या. "धाकट्याकडे जाऊन येते. आज निकाल लावायचाय," म्हणाल्या. निकाल हा शब्द ऐकून माझं पित्त खवळलं, पण दारात अडवून भांडायचं अंगात बळ नव्हतं.

मुली आल्या. त्यांना बसवते आहे तोच दारात एक गृहस्थ, बगलेत फाइल. तपासनीस. एक दिवस आधी. "उद्या दुसरीकडे जायचंय बाई, म्हणून तुमचं आजच उरकतो." पाणी मागितलं, प्यायले, आणि म्हणाले, "चला, पाच सुरू करा. मुली बसू देत."

मी सातही सुरू केली. सातही उठली. पंखे फिरले, अक्षरं पळाली, सगळ्यांवर एकच प्रश्न आला, नाव काय? एक नंबरवर माझं नाव घातलं, पासवर्ड मारला, आत गेले. दोन नंबरवर तेच. नाही. चुकलं म्हणालं. पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर. चुकलं. तीन नंबर, चुकलं. नाव मागे आडनाव, आडनाव पुढे नाव, सगळं मोठ्या अक्षरात, सगळं छोट्या. सहा मशिनं आणि सहाही म्हणतात, आम्ही तुम्हाला ओळखत नाही. माझ्याच घरात.

मुली खुर्च्यांवर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. तपासनीसांनी घड्याळ बघितलं नाही, तेवढा सभ्यपणा त्यांच्यात होता, पण फाइल उघडून पेनाचं टोपण काढलं.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते लिहिते. आलं, की वन्संनी मुद्दाम केलं. आत आपलं कुलूप घातलं आणि निकाल लावायला भावाकडे गेल्या. कुंपणानेच शेत खाल्लं. फोन लावला.

भाऊजींनी उचलला. मागे कोणाचा तरी आवाज चढलेला. "वहिनी, बरं झालं तुम्ही केलात. ताईला तुम्हीच सांगा आता, माझं ती ऐकत नाही—"

"मला वेळ नाही भाऊजी. वन्संना द्या."

"बोला," वन्सं म्हणाल्या. धाप लागली होती.

"वन्सं, मशिनांवर काय घातलंत? तपासनीस बसलेत समोर. एकही उघडत नाही."

"पहिला धडाच घातलाय."

"पासवर्ड नाही, नाव. नाव कोणाचं घातलंत?"

"तुमचंच."

"माझं नाव घेत नाहीये ते."

"घ्यायलाच पाहिजे. मी स्वतः सहाच्या सहा उघडून बघितलीयत." मग त्यांचा आवाज एकदम बदलला. धाप गेली, राग गेला, प्रत्येक अक्षर सुटं, खणखणीत, लांबच्या गावचा नंबर सांगावा तसा. "लिहून घ्या. व्ही. ए. एच. आय. एन. आय. परत सांगा."

मी परत सांगितलं. सांगता सांगता बोटांनी मारलं. मग पासवर्ड. दोन नंबर उघडलं.

मी पडद्यावर बघितलं. कोपऱ्यात लिहून आलं होतं, vahini.

"वन्सं," मी म्हटलं, "हे माझं नाव नाही."

"मग काय आहे?" त्या म्हणाल्या. "मशीन कोणाचं विचारलं त्याने. म्हटलं, वहिनीचं. तुमचं दुसरं नाव मी कधी घेतलंय? तोंडात जे आहे तेच हाताला आलं. झाली का सुरू?"

"होतायत."

"मग ठेवते. मला इथे भांडायचंय." आणि ठेवला.

तीन, चार, पाच, सहा, सात. एकामागून एक उघडली, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात वहिनी. मंडळाचा प्रोग्राम उघडला. मुलींच्या पाठी ताठ झाल्या. मी म्हटलं, हात जागेवर, नजर कागदावर, सुरू. आणि सात कीबोर्डांचा तो आवाज सुरू झाला. एकतीस वर्षं ऐकतेय, पण आज अंगावर काटा आला. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

तपासनीस प्रत्येक पडद्यामागून फिरले. सात नंबरपाशी थांबून म्हणाले, "सगळीकडे वहिनीच?"

"हो."

"आमच्याकडेही तसंच आहे. वहिनी म्हटल्याशिवाय घरात काही उघडत नाही." आणि तसंच गंभीर तोंड ठेवून त्यांनी सही केली. मान्यता पुढची पाच वर्षं.

मुलींना सुट्टी दिली. रिकाम्या खोलीत बसून पोटभर रडले. आनंदानेच.

१० मार्च

काल लिहिता लिहिता गाडीचा आवाज आला, म्हणून डायरी मिटली.

वन्सं टॅक्सीतून उतरल्या. दोन ट्रंका, वळकटी, देवघराएवढं पुस्तकांचं खोकं, आणि भाऊजींकडे ठेवलेला त्यांचा तो जुना टेबलफॅनसुद्धा. मी म्हटलं, "वन्सं, पाळी तर संपली."

"तीच संपली," म्हणाल्या. "धाकट्याने तिकडची पाळी बंद केली. खोलीसाठी हो म्हण, नाहीतर इथे येऊ नकोस म्हणाला. महिनाभर हेच चाललंय. आज म्हटलं, बरं, नाही येत." आणि टॅक्सीवाल्याला, "खोकं सरळ धर बाबा."

मी दारातच उभी. कोपऱ्यावर हात हलवून बोलणं, लाल डोळे, तुमचं आधी होऊ दे. त्या महिनाभर माझ्यासाठी भांडत होत्या आणि मी इथे त्यांच्यावर पानं काळी करत होते. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी ओरडलेच. "मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तुम्ही मशिनांत होता," त्या म्हणाल्या. "मान्यता जायची भीती थोडी होती का, त्यात आणखी ही कुठे घालू?"

"आणि मान्यता गेली असती तर? मग तुम्ही कुठे गेला असता?"

यावर त्या गप्प बसल्या. आणि मी, बाई, जी तीन आठवडे गप्प मशिनाचं कौतुक करत होते, मला त्या गप्प बसण्याचा अर्थ काल पहिल्यांदा कळला.

वळकटीचं एक टोक मी धरलं, एक त्यांनी. माझ्या कपाटाचा अर्धा भाग रिकामा करायला घेतला, तर म्हणाल्या, अर्धा कशाला, एक फळी पुरे. मी अर्धाच दिला.

१५ मार्च

नव्या तुकडीची नावं सुरू झाली. बातमी पसरलीय, सातही मशिनं चालतात. भाऊजींचा फोन नाही. येईल, की नाही येईल. मी केला होता, त्यांनी उचलला नाही. वन्संना वाईट वाटतंय, दाखवत नाहीत. धाकटा आहे शेवटी.

आज सकाळच्या तुकडीत सहा मुली बसल्या आणि सात नंबर रिकामं होतं. मी फळ्यावर पहिला धडा लिहीत होते. वळून बघते तर सात नंबरवर वन्सं. पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले, दहाही बोटं जागेवर. मुली एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. मी काही विचारलं नाही. सगळ्यांना सांगते तेच सांगितलं, ए एस डी एफ, सेमिकोलन एल के जे, न बघता, सावकाश.

खुर्च्यांमागून फिरत फिरत त्यांच्यामागे आले. बोटं नीट चालली होती, फक्त उजवी करंगळी दर वेळी हवेत. आत घरात असत्या तर काही बोलले नसते. पण ही माझी खोली.

"करंगळी खाली," मी म्हटलं.

त्यांनी खाली घेतली. परत उचलली गेली. मान न वळवता, पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "दुखते हो, बाई."

मुली खुदकन हसल्या. मला हसता आलं नाही. म्हटलं, दुखू दे, आठवड्याभरात सवय होईल, पुन्हा पहिल्यापासून.